ताकद कमी, वजनही कमी

1968 साली 250 सीसीच्या जागतिक शर्यतींत यामाहाची चार सिलिंडरची व्ही-फोर सगळ्यांना भारी पडत होती. तिच्या समोर बार्सिलोनाच्या ओस्सा कारखान्याने एक सिलिंडरची, हवेवर थंड होणारी टू-स्ट्रोक गाडी आणली. ताकदीत ती जवळपास 20 अश्वशक्तीने मागे होती. मात्र वजन सुमारे 20 किलोने कमी होतं आणि वळणावर ती यामाहापेक्षा चांगली ऐकायची.

हा कारखाना मुळात मोटारसायकलींचा नव्हे. मानुएल जिरो यांनी 1924 मध्ये सुरू केलेला त्यांचा धंदा सिनेमाच्या प्रोजेक्टरचा होता. सेकंदाला 24 चौकटी एकेक करून थांबवायच्या आणि पुढे ढकलायच्या, त्याही फिल्म न फाटता. ज्यांनी कधी टुरिंग टॉकीजचं मशीन उघडलं असेल, त्यांना त्यातल्या यंत्रकामाची बारकाई सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेनमध्ये आयात जवळजवळ बंद होती आणि लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. तेव्हा तेच लेथ, तेच फिटर दुचाकीकडे वळले. पुढे मानुएल यांचा इंजिनियर मुलगा एदुआर्दो याने टू-स्ट्रोकची सूत्रं हातात घेतली. 1967 मध्ये ओस्साच्या 230 सीसी गाडीने बार्सिलोनातल्या मोंजुइकची 24 तासांची शर्यत मारली. मोठ्या इंजिनांच्या गाड्या त्या दिवशी मागे राहिल्या.

सुरुवातीला सांगितलेल्या एदुआर्दोच्या 250 सीसी रेसिंग गाडीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, रोटरी डिस्क व्हॉल्व्ह. येझदीसारख्या साध्या टू-स्ट्रोकमध्ये इनलेट पोर्ट पिस्टनच उघडतो आणि पिस्टनच बंद करतो. त्यामुळे पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधी जितके अंश पोर्ट उघडतो, तितकेच अंश नंतर उघडा राहतो. वरच्या आरपीएमसाठी पोर्ट घासून मोठा केला, की खालच्या आरपीएमला मिश्रण उलटं कार्ब्युरेटरमध्ये फेकलं जातं. हा अनुभव आपल्यापैकी कितीतरी जणांनी सिलिंडर वाया घालवून घेतला आहे. डिस्कचं तसं नाही. तिची खाच कशी कापायची हे आपल्या हातात असतं, म्हणून पोर्ट लवकर उघडून लवकर बंदही करता येतो.

दुसरी गोष्ट चासी. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी ओस्साने मॅग्नेशियम मिश्रधातूची पेटीसारखी मोनोकॉक चासी बनवली. भार पत्राच पेलायचा. एकच सिलिंडर असल्याने गाडी अरुंद झाली आणि वाऱ्याला तोंड कमी राहिलं. 1969 मध्ये ओस्साचा चालक सांतियागो एरेरो याने या गाडीवर खारामा, ल मां आणि स्पा अशा तीन शर्यती जिंकल्या. यातली स्पाची जीत आम्हाला सगळ्यात मोठी वाटते, कारण तो ट्रॅक निव्वळ वेगाचा होता आणि कमी ताकदीच्या गाडीने तिथे नाव काढायचं काही कारण नव्हतं. पुढे अल्स्टरच्या शर्यतीत पडून एरेरोचा हात जायबंदी झाला. ओपातियाच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत तो विजेतेपदाच्या चढाओढीत होता, पण तिथेही पडला. विजेतेपद बेनेलीवरच्या केल कॅरदर्सकडे गेलं आणि एरेरो तिसरा आला. 1970 च्या जूनमध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत झालेल्या अपघातात तो गेला. ओस्साने रोड रेसिंग सोडलं ते कायमचं.

रेसिंग सुटलं तरी चालकाला विचारून गाडी घडवायची सवय सुटली नाही. मिक अँड्र्यूज या इंग्रज चालकाच्या हाताखाली तयार झालेली ट्रायल गाडी त्याच्याच नावाने, एमएआर म्हणून विकली गेली. त्याने ओस्सावर 1970 ते 1972 अशी सलग तीन वर्षं स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, शिवाय 1971 आणि 1972 ची युरोपीय अजिंक्यपदंही. ट्रायलला टॉप स्पीडचा उपयोग शून्य. तिथे दगडावर चढताना इंजिन मंद फिरत ओढत राहिलं पाहिजे. म्हणजे रेसिंगच्या नेमकं उलट गणित, आणि तेही याच कारखान्याने सोडवलं.

मग बुडाला कसा? गाडी वाईट होती म्हणून नाही. ओस्साची विक्री फार मोठ्या प्रमाणात अमेरिकेवर टेकलेली होती. तिथल्या वितरकाबरोबर दोन इंजिनं जोडून 500 सीसीची यँकी काढायचा घाट घातला. ती बाजारात उशिरा आली आणि फारशी खपली नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेतली मागणी आटली, 1977 पासून कारखान्यात संप सुरू झाले आणि स्पेनने जपानी गाड्यांना दार उघडलं. 1979 मध्ये बुल्टाको या दुसऱ्या स्पॅनिश मोटारसायकल कारखान्याशी हातमिळवणी झाली, तरी काही वर्षांत शटर खाली आलं. 2010 मध्ये नाव पुन्हा जिवंत झालं आणि 2014 मध्ये गॅस गॅस या स्पॅनिश मोटारसायकल कंपनीत मिसळलं. आमच्या मते तो फक्त नावाचा पुनर्जन्म होता.

वाचकहो, ओस्साने कमी ताकदीची भरपाई कमी वजनाने केली. आमच्याकडे मात्र ट्यूनिंगचे जे अनुभव येतात, त्यांत पोर्ट किती घासला, एक्स्पान्शन चेंबर कुठून आणला, अश्वशक्ती किती वाढली हे सगळं असतं. गाडीचं वजन क्वचितच दिसतं. यापुढे लिहून पाठवाल तेव्हा काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर गाडी काट्यावर चढवा आणि दोन्ही आकडे कळवा. पुढच्या अंकापासून त्याशिवाय आलेला अनुभव आम्ही छापणार नाही.