गंज आणि रंग

"सर, चॅसीला नुसता काळा रंग फासला तर यंदाचा पावसाळा निघेल ना?" दोन वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने अंगणात उभे राहून विचारले आणि आम्ही बेधडक "निघेल" म्हणून सांगितले. डिचोलीच्या खाणींवर त्याचा टिपर चालत असे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, टिपर विकावा लागला. पुढे जुनी पिकअप घेऊन तो पेडण्यात मासळीची ने-आण करू लागला. त्याची ओढाताण आम्हांस ठाऊक होती, म्हणून आम्ही खऱ्या उत्तराऐवजी सोयीचे उत्तर दिले.

यंदा वैशाखात त्याने मागच्या पाट्यांच्या आधारापाशी हातोडी ठोकली, तो ती पत्र्यात आरपार गेली. गेल्या चतुर्थीला याच गाडीतून त्याचे कुटुंब आजोळी गेले होते, हे आठवून आम्हांस घाम फुटला.

डिचोलीच्या तांबड्या खनिजात लोह प्राणवायूशी जडलेले असते. भट्टीत ते मोकळे करून आपण पोलाद बनवितो. पाणी आणि हवा मिळताच ते पुन्हा मूळ अवस्थेकडे वळते. तोच गंज. मीठ ही क्रिया जलद करते. समुद्राची खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचे ठिबकणारे पाणी यांनी आमच्या विद्यार्थ्याच्या चॅसीचा घास घेतला. वरचा रंग मात्र शाबूत! वरून कीर्तन, आतून तमाशा.

मग सुटीत आम्ही दोघे कामास लागलो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. भक्कम घोड्या लावाव्या. प्रथम गोड्या पाण्याने चिखलमीठ धुऊन चॅसी पूर्ण वाळू द्यावी. मग हातोडीने ठोकीत जावे: खणखणीत आवाज आला तर लोखंड निरोगी, बद्द आला तर संशय धरावा. डोळ्यांस चष्मा लावून तारेच्या ब्रशाने सुटा गंज खरवडावा. खाचांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे तयार द्रावण हातमोजे घालून, डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे. ते सुकल्यावर प्रायमरचे दोन हात आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावे. चॅसीच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावे. पाणी निघून जाण्याची भोके मात्र बुजवू नयेत.

भोक पडलेला भाग घरी लिंपण्याचा नव्हे. तेथे प्रायमरपूर्वीच जाणत्या वेल्डरकडून कुजका पत्रा कापून निरोगी लोखंडापर्यंत नवी पट्टी जोडून घ्यावी. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्या आणि इंधनाची टाकी दूर करावी. चॅसी बऱ्याच ठिकाणी कुजली असेल, तर गाडी मोडीत काढण्याचा सल्ला ऐकण्याचे धैर्य ठेवावे. आमच्या विद्यार्थ्याचे दैव बलवत्तर. एकाच जागी पट्टी लागली.

काम संपल्यावर त्याने विचारले, "सर, आता किती वर्षे?" या खेपेस आम्ही वर्षे सांगितली नाहीत. मासळीच्या प्रत्येक खेपेनंतर खालून गोडे पाणी मार आणि दर वैशाखात हातोडी घेऊन ये, एवढेच सांगितले. फळ्यावरची चूक पुसता येते. माणसे वाहणाऱ्या गाडीविषयी दिलेले चुकीचे उत्तर पुसता येईलच असे नाही.