'जुने ते सोने' ही म्हण आहे, पुरावा नव्हे

१/ अंधेरी-बोरिवलीकडे सॅक्सोफोनचा एखादा जुना माउथपीस विकायला निघाला, की त्याच्यासोबत एक कथाही विकली जाते : 'हा अमक्या गाण्यात वाजलेला आहे.' भाव चढतो तो या कथेवर. ही पारख नव्हे, ही बखरीवरची श्रद्धा आहे. #थ्रेड

२/ विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींपेक्षा अस्सल पत्रांना वजन दिले. कागदाला जी कसोटी लागते, ती एबोनाइटच्या तुकड्याला का लागू नये?

३/ कथा खपते, कारण दफ्तर रिकामे आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्या जॅझच्या वातावरणात तयार झालेले अनेक गोवेकर वादक पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. पडद्यावर नाव आले संगीतकाराचे. वादक बहुतांशी निनावीच राहिले.

४/ मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांच्यासारखी मोजकी नावे लोकांच्या ओठी राहिली. सापडेल तो माउथपीस अशा नावाशी जोडण्याचा मोह समजण्याजोगा आहे. पण छायाचित्र, मानधनाची पावती, घरच्यांची नोंदवलेली साक्ष यांपैकी काहीच नसेल, तर त्या कथेची किंमत शून्य धरावी.

५/ मग शिक्का दाखवला जातो. 'ओटो लिंक' हे नाव घ्या. हा धंदा न्यू यॉर्कहून फ्लॉरिडाला गेला, पुढे इंडियानातील बॅबिट कंपनीकडे आला, आणि त्या नावाचे माउथपीस आजही निघतात. नाव एक, काळ तीन. नाव वाचून वय ठरवणे म्हणजे मुद्रा पाहून मजकूर न वाचणे.

६/ आता मजकूर. आवाज घडवतात ते टिपेचे अंतर, फेसिंगची वक्रता आणि आतले चेंबर. टेनरच्या ओटो लिंकवर ७ म्हणजे टिपेशी ०.१०० इंच, ७* म्हणजे ०.१०५. फरक इंचाच्या पाच सहस्रांशांचा! मधल्या दशकांत कोणी पॉलिशपेपर फिरवला असेल, तर आकडा तोच राहतो आणि माप बदलते.

७/ म्हणून रीड टेकते तो सपाट भाग काचेवर ठेवावा. डुगडुगला तर शंका घ्यावी. फीलर गेज गॅरेजवाल्याकडे मिळते. त्याची पाती दोन्ही कडांखाली सारखीच आत जाते का, ते पाहावे. टिपेचा टवका आणि मागच्या नळीची भेग भिंगाखाली शोधावी. वरच्या बाजूचे दातांचे वण निरुपद्रवी.

८/ हिरवट-तपकिरी रंगही वयाचा दाखला म्हणून पुढे केला जातो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उजेडाने आणि उष्णतेने त्याचा पृष्ठभाग विटतो. गरम पाण्याने धुतल्यास अधिकच. पेटीत राहिलेला तुकडा काळाच राहू शकतो. रंग जपणुकीची हकीकत सांगतो, जन्मसाल नव्हे.

९/ आक्षेप येतो : 'पूर्वी हातकाम होते.' होते, हे मान्य. पण हातकामाचा अर्थच असा, की एकाच शिक्क्याचे दोन नग तंतोतंत सारखे नसत. म्हणजे शिक्का आणखीच कमी भरवशाचा ठरतो. ज्या युक्तिवादाने भाव चढवतात, त्यानेच तो उतरायला हवा.

१०/ यात नागवला जातो तो लग्नाच्या बँडमधली कमाई साठवून खरेदी करणारा तरुण वादक. आणि त्याहून मोठा अन्याय निनावी वादकावर होतो. हयातीत त्याचे नाव पडद्यावर आले नाही; आता त्याच्या माउथपीसवर दुसऱ्याचे प्रसिद्ध नाव चिकटवून उरलीसुरली खूणही पुसली जाते.

११/ तेव्हा मरोळ, आंबोली किंवा आय. सी. कॉलनीतल्या एखाद्या घरातून माउथपीस घेताना पैसे मापाचे द्यावेत, कथेचे नव्हे. मात्र कोणाचा होता, कोठे वाजवला, कोणत्या काळात, हे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. त्या कागदावर घरच्यांची सही असली, की निदान एका वादकाचे नाव दफ्तरी लागेल.