विश्लेषण : मायक्रोप्लास्टिकमुळे मूत्रपिंडाला धोका? उंदरांवरील प्रयोग काय सांगतात?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पाणी, मीठ, मासळी यांवाटे हे कण माणसाच्या पोटात जातात. उंदरांवरील प्रयोगांच्या बातम्या वाचून ‘आता किडन्याही जाणार’ अशी धास्ती वाटणे साहजिक आहे. पण या प्रयोगांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

प्रयोगांत काय आढळले?

चीनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांना २८ दिवस पॉलिस्टायरिनचे ५ आणि २० मायक्रोमीटरचे कण दिले. यकृत, आतडे आणि मूत्रपिंडात ते साठल्याची नोंद त्यांनी केली. तैवानमधील २०२१ च्या अभ्यासात उंदरांबरोबरच प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंड-पेशीही तपासल्या गेल्या. कणांमुळे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर ताण आला आणि दाह वाढल्याची चिन्हे दिसली. मूत्रपिंडातील सूक्ष्मनलिकांना पाणी आणि क्षार परत शोषण्यासाठी सतत ऊर्जा लागते. त्यामुळे हा ताण किरकोळ म्हणता येत नाही.

मग धोका सिद्ध झाला का?

नाही. २०१७ च्या प्रयोगात सर्वाधिक मात्रा दिवसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला साडेतीन मिलिग्रॅम होती. २०२१ मधील एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या पोटात आठवड्याला साधारण ४.१ मायक्रोग्रॅम कण जातात. म्हणजे इवल्याशा उंदराला माणसाच्या आठशेपटींहून अधिक प्लास्टिक दिले गेले. शिवाय प्रयोगातील कण एकाच प्लास्टिकचे, एकसारखे गोल. माणसाच्या पोटात जातात ते नाना प्रकारच्या प्लास्टिकचे वेडेवाकडे तुकडे आणि कपड्यांचे तंतू. इतके मोठे कण आतड्यातून एवढ्या प्रमाणात शोषले जातात का, यावरही नंतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले.

म्हणजे निश्चिंत राहायचे?

तेही चूकच. पुरावा अपुरा असणे म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अधिक संशोधनाबरोबरच प्लास्टिक प्रदूषण कमी करण्याचाही आग्रह धरला होता. भारतात ‘एफएसएसएआय’ने २०२४ मध्ये अन्नातील मायक्रोप्लास्टिक मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे निष्कर्ष लोकांपुढे यायला हवेत आणि त्यातून नियमित तपासणी सुरू व्हायला हवी. रोज पोटात किती जाते हेच नक्की ठरले नाही, तर उंदरांना किती द्यायचे हेही अंदाजानेच ठरणार.

उपाय मात्र तोवर थांबवण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्येच थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिनच. ती बंदी काटेकोरपणे राबवण्यासाठी उंदरांवरील पुढच्या प्रयोगाची वाट पाहण्याची गरज नाही.