अर्ध्या स्वेटरची कैफियत

ज्या घरात विणणारी बाई असते त्या घरात एक प्रश्न हटकून विचारला जातो. सासूबाई विचारतात, नणंद विचारते, दारी आलेला इस्त्रीवाला विचारतो आणि ज्याने जन्मात कधी स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावलेले नाही असा घरचा धनीही वर्तमानपत्रातून डोके वर काढून विचारतो, "काय, कधी पुरा होणार तो स्वेटर?" प्रश्न साधा, हसत हसत विचारलेला. पण त्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. आणि आज सणासुदीच्या दिवशी, फराळाचे ताट बाजूला सारून, मला त्या आरोपाशी दोन हात करायचे आहेत. वाचकांनी खुशाल चकली तोंडात घालावी आणि विणणाऱ्या बाईची बाजू एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावी, एवढीच विनंती.

आरोप असा की, ही बाई वेळ फुकट घालवते आणि हाती घेतलेले काम तडीस नेत नाही. ठीक आहे. आधी हिशेबच मांडू, कारण हिशेबावाचून पुणेकराला काही पटत नाही. छत्तीस इंच छातीचा, पूर्ण बाह्यांचा एक स्वेटर घ्या. आडव्या इंचाला ६ टाके आणि उभ्या इंचाला ८ ओळी अशी मध्यम वीण धरली, तर पाठीच्या १८ इंचांना १०८ टाके होतात आणि २४ इंच लांबीला १९२ ओळी. गुणाकार करून पाहा: एकट्या पाठीचे २०,७३६ टाके. पुढची बाजू जवळजवळ तेवढीच, आणि दोन बाह्या मिळून आणखी वीसेक हजार. म्हणजे एका स्वेटरला साठ हजार टाके झाले. मिनिटाला २५ टाके घालणारा सराईत हात धरला तरी हे काम ४० तासांचे. चुकलेली ओळ उसवणे, गळ्याचे टाके उचलणे, भाग जोडणे हे त्याखेरीज.

रोज एक तास मिळाला तर ४० दिवस. म्हणजे आमच्या शाळेच्या उन्हाळी सुट्टीइतकेच! मे महिना उजाडता टाके घालावेत आणि जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होण्यापूर्वी बंद करावेत, असे हे गणित कागदावर मोठे सुरेख सुटते. आता प्रश्न एवढाच उरतो, की तो रोजचा एक तास कोठून आणायचा?

सुट्टी लागली की घरातल्या पुरुषमंडळींना आणि मुलांना सुट्टी लागते. बाईला उन्हाळा लागतो. कुरडयांचा चीक, पापडाच्या लाट्या, सांडगे, कैरीचे लोणचे, मुरांबा, आणि त्यातच गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या पंगती. ही नुसती तक्रार नव्हे. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्यांत बायकांचे त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ८८, असे तिच्यात दिसून आले. म्हणजे जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांच्यापेक्षाही बाई रोज तीन तासांहून अधिक वेळ त्यात घालवते; जे लावतच नाहीत त्यांची गोष्ट सोडाच. मग विणकामाचा तास तुकड्यातुकड्यांनी जमवावा लागतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधली पाच मिनिटे. दुपारी सारे घर आडवे झाल्यावरची वीस मिनिटे. गच्चीवर कुरडया वाळत असताना कावळ्यांची राखण करीत बसलेला अर्धा तास. आणि तोही हाताला घाम सुटून लोकर सुईला चिकटत असताना. अशा तुकड्यांनी साठ हजार टाके एका सुट्टीत पुरे होत नाहीत. त्याला दोन उन्हाळे लागतात, कधी तीन. तेव्हा अर्धा राहिलेला स्वेटर हा बाईच्या आळसाचा पुरावा नव्हे. त्या घरात वेळेची वाटणी कशी झाली आहे, याचा तो पुरावा आहे. आणि प्रश्न विचारायचाच असेल तर त्या वाटणीला विचारावा.

यावर व्यवहारी मंडळी दुसरा मुद्दा काढतात. म्हणतात, एवढा खटाटोप हवा कशाला? थंडी पडली की रस्त्यावर तिबेटी विक्रेते स्वेटरांचे ढीग लावून बसतात, लुधियानाचा माल दुकानोदुकानी मिळतो. लोकरीच्या पैशात तयार स्वेटर येतो आणि पुण्याची थंडी ती काय, दोन महिन्यांची! मुद्दा खरा आहे, फक्त तो चारशे वर्षे उशिरा मांडला जात आहे. इंग्लंडात विल्यम ली नावाच्या गृहस्थाने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली काढले. तेव्हापासून यंत्राचे विणकाम हाताच्या विणकामाहून झपाट्याचे होत गेले आणि कालांतराने स्वस्तही झाले. तरीही हातातल्या सुया खाली पडल्या नाहीत, याचा अर्थ विणणारी माणसे तेव्हाही काटकसरीसाठीच विणत नव्हती. पैसे वाचवणे हा विणकामाचा हेतू असता, तर तुळशीबागेत लोकरीच्या गुंड्यापुढे अर्धा तास उभे राहून रंग जुळवणारी बाई ही जगातली सर्वांत निर्बुद्ध व्यापारी ठरली असती.

आणि गंमत अशी की, हाच हिशेब आपण दुसऱ्या कोणाला लावीत नाही. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी सूत काढीत बसत. पेटीत मिटवून ठेवता येईल असा सुटसुटीत चरखा त्यांनी तिथेच सिद्ध केला आणि त्याला येरवड्याचेच नाव मिळाले. गिरणीचे सूत स्वस्त मिळत असताना हा उपद्व्याप कशाला, असे विचारणारे त्या वेळीही होते. पण इतिहासाने त्या सुताला साधना म्हटले आणि आपणही म्हणतो. म्हणायलाच हवे. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा हिमालयातल्या जवानांसाठी देशभरच्या बायका स्वेटर नि मोजे विणत बसल्या. त्याला आपण देशसेवा म्हटले. तेही रास्तच. पण तीच बाई, त्याच सुया, तीच लोकर घेऊन स्वतःच्या आवडीसाठी ओसरीवर बसली, की तिचा झाला रिकामपणचा उद्योग! हाताने धागा चालवणे जर आश्रमात साधना आणि युद्धात सेवा असेल, तर घरात ते एकदम टवाळीच्या लायकीचे कसे होते? फरक एकच दिसतो. त्या दोन्ही वेळी काम दुसऱ्यासाठी होते. बाईने केवळ आपल्या सुखासाठी तासभर बसावे, हेच आपल्याला खपत नाही.

पुरुषांच्या विरंगुळ्याकडे जरा पाहा. दर रविवारी पहाटे उठून सिंहगड चढणारे आणि पिठलेभाकरी खाऊन उतरणारे शेकडो लोक या शहरात आहेत. त्यांना कोणी विचारीत नाही की, गड आला का? सुट्टीत दुपारभर रमीचा डाव रंगतो. संध्याकाळी डावातून काय तयार झाले, याची झडती होत नाही. पाच दिवस चाललेला कसोटी सामना अनिर्णित सुटला तर त्यात खेळाची शान असते. पाच महिने चाललेला स्वेटर अनिर्णित राहिला की तो बाईचा धरसोडपणा! मला रमीचा राग नाही, क्रिकेटचा तर नाहीच. माझे म्हणणे इतकेच की, विरंगुळ्याला फळ लागलेच पाहिजे हा नियम लावायचा तर तो सर्वांना लावा. नाहीतर कोणालाच लावू नका.

आता माझ्याच गोटातल्या, म्हणजे शिकल्यासवरल्या सुधारक मंडळींचा आक्षेप. त्या म्हणतात, सुया ही बेडी आहे. मुलींना घरात डांबून ठेवण्यासाठीच त्या हाती दिल्या गेल्या, तेव्हा सुया टाका आणि पुस्तक उचला. या आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे, हे मी नाकारीत नाही. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली आणि तीनच वर्षांत 'केसरी'ने तिच्या अभ्यासक्रमावर कोरडे ओढले. मुलींना इंग्रजी विद्या बेताची आणि घरसंसाराच्या उपयोगाचे शिक्षण अधिक हवे, असा त्या टीकेचा रोख होता. सुईदोऱ्याचा उपयोग लगामासारखा करू पाहणारे लोक होते खरे. पण याच पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे राहिले. तिथे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी विधवांच्या, गरजू बायकांच्या हाती तीच सुई दिली, ती त्यांनी आपल्या पायांवर उभे राहावे म्हणून. सुई तीच, एकाच्या हातून ती लगाम झाली, दुसऱ्याच्या हातून भाकर. तेव्हा दोष सुईच्या टोकाला देण्यात अर्थ नाही. ती कोणाच्या मर्जीने चालते, एवढेच पाहायचे. आणि तिचा जो तिसरा उपयोग आहे, निखळ आनंदाचा, तो कोणत्या संस्थेने बायकांना दिला नाही. तो त्यांनी आपला आपण, दुपारच्या त्या वीस मिनिटांत, शोधून काढला. तो आता सुधारणेच्या नावाखाली काढून घेणार असाल तर ती सुधारणा कसली? शिवाय पुस्तक आणि सुया यांचे वैर आहे, हे सांगितले कोणी? एक सुलट, एक उलट अशी साधी बॉर्डर विणताना मांडीवर उघडी कादंबरी ठेवून वाचणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारखीला त्याहून चांगला वाचक कोणता मिळणार?

मूळ प्रश्नातला 'पुरा' हा शब्दही एकदा तपासून घ्यायला हवा. लोकरीच्या जगात पुरे होणे म्हणजे काय? वडिलांचा स्वेटर कोपरांवर विरला की तो उसवायचा. निघालेली नागमोडी लोकर लडी करून पाण्यात भिजवायची, वजन लावून वाळत टाकायची, म्हणजे ती पुन्हा सरळ होते. मग त्यातून मुलाचा स्वेटर. मुलगा वाढला की तोही उसवून नातवंडाचे टोपडे नि पायमोजे. त्यातूनही उरले ते तुकडे चौकोन होऊन पांघरुणात जातात, आणि ते पांघरूण तर वर्षानुवर्षे वाढतच राहते, कारण घरात दर हिवाळ्यात कोणत्या ना कोणत्या रंगाचे चार हात लोकर उरतेच. कपाटातल्या पिशवीत अर्धा स्वेटर दिसतो तेव्हा पाहणाऱ्याला वाटते, हे काम रखडले. विणणारीला ठाऊक असते की त्यातली लोकर कधी आजोबांच्या अंगावर होती आणि अजून जन्माला न आलेल्या कोणाच्या तरी डोक्यावर जायची आहे. एवढ्या लांबच्या मुक्कामाला निघालेल्या कामाला 'कधी पुरे होणार' असे विचारणे म्हणजे नदीला 'आज कितीची सुट्टी' असे विचारण्यापैकी आहे.

आता दोन शब्द माझ्या विणणाऱ्या मैत्रिणींनाही सुनावते. नाहीतर ही कैफियत एकांगी व्हायची. तुम्हाला कोणी हटकले की तुम्ही काय सांगता? "छे हो, हात रिकामे बसवत नाहीत म्हणून आपले चाळवते झाले." किंवा, "बाळासाठी आहे." किंवा, "उरलेली लोकर वाया कशाला घालवायची?" म्हणजे आरोप करणाऱ्याचे म्हणणे तुम्हीच कबूल करता! आनंदाला कामाचा बुरखा घातल्यावाचून तुम्हाला उंबऱ्याबाहेर काढवत नाही. हा बुरखा टाका. "मला आवडते म्हणून विणते," हे चार शब्द मान वर करून म्हणायला शिका. पहिल्यांदा जीभ अडखळेल, सासूबाई चमकतील. पण त्यांच्याही ट्रंकेत, नीट शोधलेत तर, पिवळा पडलेला क्रोशाचा एक अर्धा रुमाल सापडेल, आणि तोही कोणीतरी टोकले म्हणूनच तिथे जाऊन पडलेला असेल.

मुलग्यांनाही सुया द्या. आमच्या वर्गात विणकाम म्हटले की मुलगे फिदीफिदी हसतात, कारण घरी त्यांनी बापाला कधी टाका घालताना पाहिलेले नसते. पेरू देशात टिटिकाका सरोवरात ताकिले नावाचे बेट आहे; तिथे टोप्या विणणे हे पुरुषांचेच काम, आणि मुलगे ते लहानपणीच शिकतात. २००५ साली युनेस्कोने त्या बेटाच्या विणकामाचा मोठा गौरव केला. तिथल्या पुरुषांच्या पुरुषत्वाला त्यामुळे काही ओहोटी लागल्याचे ऐकिवात नाही. ज्याने स्वतः एक वीत पट्टी विणली आहे, तो पुढे आपल्या बायकोला तो प्रश्न विचारणार नाही. कारण त्या एका वितीला किती दुपारी लागतात, ते त्याच्या बोटांना ठाऊक असेल.

मोठी क्रांती मागायला मी बसलेली नाही. दिवाळी आहे, देण्याघेण्याचे दिवस आहेत. भाऊबीजेला ताटात पाकीट टाका, पाडव्याला साडी आणा. पण त्याबरोबर रोजचा एक तासही तिच्या नावे करून द्या, अखंड, तुकडे न पाडलेला, आणि त्या तासात काय तयार झाले हे विचारू नका. तेवढा वेळ ओट्यापाशी घरच्या धन्याने उभे राहावे. कुकरच्या शिट्ट्या त्याने मोजाव्या, टाके तिने.