शेजारच्या शाळांची तुलना

खेड तालुक्यातील कनेरसरजवळच्या जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली ‘जगातील सर्वोत्तम शाळा’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दत्तात्रय वारे गुरुजी २०२२ साली तेथे रुजू झाले, तेव्हा शाळेचा पट होता अवघा तीन. पुढे तो एकशेवीसच्या घरात गेला. एक मूल एका विषयात पुढे असेल तर त्याने त्या विषयात इतरांना शिकवायचे, ही तेथील ‘विषयमित्र’ पद्धती. लोकपसंतीचा पुरस्कार जनमतावर ठरतो, तेव्हा त्यावरून शैक्षणिक दर्जाचे अंतिम मोजमाप करू नये हे खरे. पण तीनाचे एकशेवीस मतदानाने होत नाहीत. बंद पडण्याच्या वाटेवरील शाळेत मुले पाठवण्याचा निर्णय तेवढ्या आईबापांनी डोळसपणे घेतलेला असतो.

याच स्पर्धेत २०२२ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेची बोपखेल येथील शाळा समाज-सहकार्याच्या गटात पहिल्या दहांत होती. मुळा नदी आणि लष्करी हद्द यांच्या बेचक्यात अडकलेले हे गाव. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयातून जाणारा रस्ता २०१५ साली बंद झाल्यापासून ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे वळसे घातले. तेथील शाळेने डॉक्टर, दुकानदार आणि पालक यांना एकत्र आणून मुलांच्या घरच्या आहाराचाच प्रश्न हाती घेतला. स्वस्त आणि सकस काय शिजवावे याचे वर्ग भरवले. शाळा महापालिकेची, चालवते ‘आकांक्षा’ ही स्वयंसेवी संस्था आणि माध्यम इंग्रजी.

या दोन शाळा शेजारी ठेवल्या की काही रूढ समजुती गळून पडतात. एक मराठी माध्यमाची, दुसरी इंग्रजी. एक सरकारी शिक्षकाने उभी केलेली, दुसरी संस्थेने चालवलेली. तेव्हा माध्यम बदलले की शाळा सुधारते, अथवा खासगी हाती दिली की सुधारते, हे दोन्ही दावे या एकाच औद्योगिक पट्ट्यात खोटे ठरतात. मात्र एक चिंता उरते. वारे गुरुजींनी यापूर्वी शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची शाळाही अशीच नावारूपाला आणली होती. एकच माणूस दोनदा हे करतो, यात त्याचे कर्तृत्व जितके दिसते तितकेच इतरत्र ते का घडत नाही, हा प्रश्नही ठळक होतो. शिक्षकाची बदली होते. गाव मात्र तेथेच असते.

आणि तुलना करायची तर ती न्याय्य हवी. चाकण, महाळुंगे, कुरुळी, निघोजे या गावांतील वर्गात कोण बसते ते पाहावे. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कारखान्यांच्या कंत्राटी कामावर आलेल्यांची ही मुले. कंत्राट संपले की घर हलते आणि मूल वर्षाच्या मध्यात निघून जाते. त्याच्या जागी दुसरे येते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला नोव्हेंबरात मराठी अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षिकेची शाळा शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीत कोठे दिसणार? मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठवर पोहोचले, हे कोणी मोजत नाही. तोवर अशा यादीवरून शाळांची प्रतवारी लावणे हा अन्याय आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. पिंपरी-चिंचवड महापालिका १९८२ साली स्थापन झाली, तेव्हा कारखान्यातील कायम कामगाराचे मूल पालिकेच्या शाळेत जाणे हे कमीपणाचे नव्हते. आज त्याच घरातील नातवंडांना न्यायला खासगी शाळेची बस येते. एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट, असा बदल राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द ठरवला. न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. पण त्या काळातील पालकांचा संताप काय सांगून गेला? सरकारी शाळा वाट्याला येणे हीच शिक्षा आहे, असे गरिबालाही वाटू लागले आहे. व्यासपीठावरून मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या आपल्यातील कितीजणांच्या घरी याहून वेगळे चित्र आहे?

चिंचवडमध्ये पद्मश्री गिरीश प्रभुणे यांनी भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभारले, त्याचा अभिमान आपणा सर्वांना आहे. नवी संस्था काढणे आपल्या कार्यकर्त्यांना जमते. दुसऱ्याने काढलेल्या, गळक्या छपराच्या शाळेच्या सभेत दरमहा जाऊन बसणे मात्र जमत नाही. त्यात ना फलक, ना उद्घाटन.

वास्तविक वाट कायद्यानेच मोकळी केली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे काम याच समितीचे. ज्यांची मुले तेथे नाहीत, त्यांनी पालकांच्या जागा बळकावू नयेत. आराखडा वाचून दाखवणे, अर्ज लिहिणे, महापालिकेत पाठपुरावा करणे एवढे त्यांना सहज शक्य आहे. सभा मुळात पालकांना जमेल अशा वेळी हवी. भोसरी-चाकण पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. येत्या जूनपासून आपल्या वस्तीतील शाळेने समितीची बैठक गुरुवारी सायंकाळी घ्यावी, अशी विनंती घेऊन प्रत्येक शाखेतील दोघांनी मुख्याध्यापकांना भेटावे.