जुळी आहेत, पण वार किती?

जुळ्यांची चाहूल लागली की घरात आनंद आणि काळजी यांना एकदमच भरती येते. गर्भ दोन आहेत हे सोनोग्राफीने कळते. परंतु त्याच वेळी विचारावयाचा दुसरा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. या दोघांना वार एकच आहे की दोन? वरकरणी हा तांत्रिक तपशील वाटतो. वस्तुतः काही जुळ्यांचे जगणे-मरणे याच उत्तरावर अवलंबून असते.

एकाच फलित बीजाचे विभाजन होऊन निर्माण होणारी एकरूप जुळी दर हजार प्रसूतींमागे साडेतीन ते चार आढळतात. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जोड्यांचे पोषण एकाच वारेतून होते. या सामाईक वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. देवाणघेवाण समतोल असेल तर काही बिघडत नाही. तथापि अशा दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरांत हा समतोल ढळतो आणि एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत राहते. देणारा खंगतो, त्याची लघवी कमी होते आणि त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर जादा रक्ताचा भार पडतो आणि त्याच्याभोवती पाणी तुंबते. एकाला टंचाई मारते, दुसऱ्याला अतिरेक. तीव्र विकारावर उपचार झाला नाही तर बहुधा दोघेही दगावतात. एकच दगावला तरी त्याच्याकडे रक्त ओढले गेल्याने मागे राहिलेल्याच्या मेंदूला इजा पोहोचू शकते.

या विकारावर पूर्वी सुईने जादा पाणी काढून टाकणे एवढाच प्रमुख इलाज होता. त्याने ताण हलका होई, पण मूळ कारण तसेच राही. अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून जोडवाहिन्या लेझर किरणांनी बंद करण्याचा मार्ग दाखविला. त्यांचे अनुभव १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युरोपातील डॉक्टरांनी १४२ गर्भवतींवर या दोन उपचारांची तुलना केली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत निदान एक मूल जगण्याचे प्रमाण पाणी काढण्याच्या उपायाने ५६ टक्के, तर लेझर शस्त्रक्रियेने ७६ टक्के आढळले. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबविण्यात आली. आज भारतातही मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांत ही शस्त्रक्रिया होते.

मात्र या शस्त्रक्रियेला वेळेची कडक मर्यादा आहे. ती मुख्यतः सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्याच्या दरम्यान केली जाते. त्यासाठी आधी धोका ओळखावा लागतो. वार एक की दोन, हे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सर्वांत खात्रीने सांगता येते. पुढे दोन वारा एकमेकींना चिकटून फसगत होऊ शकते. वार एकच असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला सोनोग्राफी करावी लागते. म्हणजे शहरातील निष्णात शल्यविशारदाचे यश गावच्या पहिल्या तपासणीवर अवलंबून आहे. पहिली कडी निसटली तर शेवटची कितीही भक्कम असून काय उपयोग?

यावर एक आक्षेप हमखास येईल. रक्तक्षय आणि प्रसूतिकाळातील रक्तस्राव यांनी माता दगावत असताना इतक्या दुर्मिळ विकाराची चिंता कशाला? आक्षेप गैरवाजवी नाही. परंतु दुर्मिळ म्हणजे किती, याचा हिशेब करावयास हवा. वरील प्रमाणे धरली तर एक लाख प्रसूतींमागे अशी २५ ते ४० प्रकरणे होतात. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून अधिक जन्म होतात. तेव्हा अंदाजे चारशे कुटुंबांपुढे तरी दरसाल हे संकट उभे राहते. एकेका डॉक्टरच्या वाट्याला ते क्वचितच येते, राज्याच्या वाट्याला मात्र दररोज. शिवाय लवकर होणारी सोनोग्राफी केवळ जुळ्यांच्या उपयोगाची नाही. गर्भाचे वय आणि प्रसूतीची तारीख ठरविण्यास ती प्रत्येक मातेच्या कामी येते. त्याच तपासणीत वारेची नोंद करण्याचा जादा खर्च अहवालातील एका ओळीचा आहे.

सरकारी व्यवस्थेचा सांगाडा उपलब्ध आहे, हे मान्य करावयास हवे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी होते. पण हे अभियान गर्भारपणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी आहे, आणि वार ओळखण्याची उत्तम संधी पहिली तिमाही संपताना हातची जाते. महिन्यातून एकदाची भेट पंधरवड्याच्या गरजेला पुरतही नाही. २०२२ पासून जोखमीच्या गर्भवतींसाठी जादा भेटींची तरतूद झाली आहे. तिच्यात एका वारेवरील जुळ्यांचा स्वतंत्र उल्लेख करून पंधरवड्याची तपासणी बांधून द्यावी आणि जाण्या-येण्याचा खर्चही सोसावा. रोजंदारी बुडवून दर पंधरा दिवसांनी जिल्ह्याचे ठिकाण गाठणे हे मजूर बाईच्या आवाक्यातील काम नव्हे.

सोनोग्राफी यंत्रावर आपल्याकडे कायद्याचा पहारा आहे, आणि तो असलाच पाहिजे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. देशव्यापी कायदा १९९४ मध्ये झाला. मुलींच्या जिवावर उठलेल्या समाजाला त्याची गरज होती. परंतु कायद्याने लिंग सांगण्यास बंदी केली आहे, वार मोजण्यास नव्हे. पहारा कडक ठेवूनही नोंदणीकृत यंत्र आणि प्रशिक्षित माणूस तालुक्यापर्यंत नेता येतो.

प्रगत शस्त्रक्रियेच्या विभागाचे उद्घाटन समारंभाने होते. तालुक्याच्या रुग्णालयात वेळेवर झालेल्या तपासणीचे छायाचित्र कोणी घेत नाही. खर्चाचा क्रम मात्र उलटा हवा. अवघड शस्त्रक्रिया मोजक्याच केंद्रांत व्हावी, कारण हात सरावानेच तयार होतो. सोपी तपासणी सर्वत्र व्हावी. आणि ती होईपर्यंत, जुळी असल्याचे कळताच ‘वार किती?’ एवढे विचारण्याची सवय तरी प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने लावून घ्यावी, शेजारणीलाही ती सांगावी.