हे गोटे कोणी वेचले?

चिखलदऱ्याचा 'शोध' १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लावला, असं बहुतेक माहितीपुस्तिकांत छापलेलं असतं. ज्या पठाराचा हा शोध लागला, त्याला अगदी लागून गाविलगड उभा आहे. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानाने तो बांधून काढला. त्याआधी तिथे गवळ्यांचं काहीतरी होतं, हे नावच सांगतं. आणि रॉबिन्सनच्या वीस वर्षं आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो लढून घेतला होता. म्हणजे ज्या तटांवर माणसं लढून मेली, ज्या डोंगरात कोरकू पिढ्यानपिढ्या राहत होते, तो डोंगर वीस वर्षांनी कुणाला तरी 'सापडला'. कशासाठी? तर उन्हाळ्यात थंड हवा खायला.

आमचं वलगाव अमरावतीहून परतवाड्याकडे, म्हणजे पुढे चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग आमच्या अंगावरून जाते. त्या गाड्यांमध्ये बसलेल्यांच्या मोबाइलमध्ये एक यादी असते: भीमकुंड, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट, हरिकेन पॉइंट, पंचबोल. आता तर दोन पॉइंटांना जोडणारा काचेचा पूलही त्या यादीच्या मुकुटात बसवायचा चालला आहे. माझं भांडण या 'पॉइंट' शब्दाशी आहे. पॉइंट म्हणजे जिथे गाडी थांबते, फोटो निघतो आणि कणीस खाऊन माणूस पुढच्या पॉइंटला जातो. दोन पॉइंटांच्या मधे जे असतं ते बघायचं नसतं. मधे असते माणसांची वस्ती.

हे दुखणं फक्त आपलंच आहे असं मला वाटायचं. पण दोनेक वर्षांपूर्वी गावातल्या दहा-बारा जणांबरोबर, अमरावतीच्या एका टूरवाल्यामार्फत मी मॉरिशसला जाऊन आलो. कागदावर लिहिलं होतं: 'ज्वालामुखीतून जन्मलेला स्वर्ग'. खाली यादी. शामारेलची सात रंगांची माती, त्रू ओ सेर्फचं विवर, गंगा तलाव, इल ओ सेर्फचा समुद्रकिनारा, ब्लू बेची काचेच्या तळाची होडी, पोर्ट लुईत शॉपिंग. स्वर्गाचा हा दाखला मार्क ट्वेनच्या नावावर जगभर खपवला जातो. ट्वेन १८९६ साली तिथे गेला होता खरा, पण ते कौतुक त्याचं स्वतःचं नव्हतं. बेटावरचे लोक आपल्या बेटाची कशी बढाई मारतात, हे त्याने चिमटा काढत नोंदवलं होतं. चिमटा गळून पडला आणि जाहिरात उरली.

जागा सुंदर आहेत, हे आधीच सांगतो. समुद्राचा तो निळा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. शामारेलची माती तर डोळ्यांवर विश्वास बसू नये अशी. बेसाल्ट खडक कुजत गेला, त्यातलं विरघळणारं ते पावसाने धुऊन नेलं, आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागे राहिली. त्यांचे ते लाल, तपकिरी, जांभळट पट्टे. त्रू ओ सेर्फला विवराच्या काठावर उभं राहून मी गाइडचं बोलणं ऐकत होतो. त्याने खोली सांगितली, रुंदी सांगितली. जे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला हवं होतं, ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. टूरवाल्याला ठाऊक असायला मात्र हरकत नव्हती.

ते असं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत आशियाला चिकटलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्रातून उत्तरेकडे सरकणारा एक प्रचंड बेटासारखा तुकडा होता. त्याच्या खाली पृथ्वीच्या पोटात जो हॉटस्पॉट होता, त्यातून लाव्हा थरांवर थर ओतला गेला आणि दख्खनचं पठार झालं. गाविलगडचा डोंगर त्याच थरांचा. आपण ज्या काळ्या मातीत कपाशी पेरतो, ती त्याच दगडाचं पीठ. जमीन पुढे सरकली, आग जागच्या जागी राहिली. त्याच आगीने पुढे लक्षद्वीप-मालदीवखालची समुद्रातली रांग उभी केली, मग सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन, जिथला ज्वालामुखी आजही मधूनमधून लाव्हा ओकतो. म्हणजे वलगावहून मॉरिशसला गेलेला माणूस उष्ण कटिबंधातल्या एका ज्वालामुखी बेटावरून दुसऱ्यावर गेला. दोन्ही एकाच चुलीवरची. यादीत 'ज्वालामुखी' हा शब्द होता, पण लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसा.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. आमच्यातल्या आबाजींना ते हाताने माहीत होतं. सत्तरीचे शेतकरी, मुलाने हौसेने पाठवलेले. बस उसाच्या शेतांमधून चालली होती. शेतांत मधेच काळ्या दगडांचे ढीग, काही पुरुषभर उंच, काही नीट रचलेले, लांबच लांब. बाकीचे मोबाइलमध्ये होते. आबाजी खिडकीला नाक लावून बसले होते. म्हणाले, "गुरुजी, हे त आपल्याच वावरातले गोटे दिसतात. पन इतके गोटे कोनं येचले असतीन?"

मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, शेतीसाठी काढलेले दगड आहेत. आणि लगेच उजवीकडच्या डोंगराचा आकार अंगठा उंचावल्यासारखा कसा दिसतो ते सांगू लागला.

कोणी वेचले? आधी गुलामांनी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मादागास्करमधून, काही भारतातूनही आणलेल्या माणसांनी, फ्रेंचांच्या आणि नंतर इंग्रजांच्या अमलात. १ फेब्रुवारी १८३५ला तिथली गुलामी कायद्याने संपली. मळेवाल्यांना हात हवेच होते, म्हणून त्याआधीच, १८३४पासून, करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. १९२०पर्यंत जवळपास पाच लाख माणसं भारतातून त्या बंदरात उतरली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबईहूनही. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसं होती. बसाल्टचा दगड उचलल्याशिवाय उसाचं एक कांडं रोवता येत नव्हतं. शेतातला दगड वेचण्याइतकं कंटाळवाणं काम नाही, कारण दरवर्षी नांगर नवीन दगड वर काढतो. ज्याने वऱ्हाडात धुऱ्यावर दगड टाकले आहेत, त्यालाच त्या ढिगांची उंची कळते.

ही माणसं जिथे उतरली तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत आहे. २००६ साली तो जागतिक वारसास्थळ झाला. सोळा दगडी पायऱ्या. प्रत्येकाला त्या चढून वर यायचं आणि मळ्यावर पाठवणी होईपर्यंत तिथल्या छपरांखाली थांबायचं. आमची बस पोर्ट लुईला बंदरावरच्या बाजारपेठेत दोन तास थांबली. तिथून घाट पायी काही मिनिटांवर. कार्यक्रमात तो नव्हता. मी आणि आबाजी चालत गेलो. आत शिरायला काही विशेष त्रास पडला नाही, गर्दीही नव्हती. आबाजींनी पायऱ्या मोजल्या, एका पायरीवर हात ठेवला आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत. परतल्यावर टूर मॅनेजर आमच्यावर वैतागला, कारण पाच मिनिटं उशीर झाला होता आणि एक पॉइंट राहणार होता.

ल मोर्नचं तर याहून वाईट. समुद्रात घुसलेला तो कातळाचा सुळका. यादीत तो 'पाण्याखालचा धबधबा' म्हणून होता: तळाशी वाळू आणि गाळ अशा रीतीने ओघळतात, की वरून पाहिलं तर समुद्रच खाली कोसळतोय असं वाटतं. हेलिकॉप्टरचे पैसे वेगळे. दृष्टिभ्रमाला तिकीट आहे. पण पळून गेलेले गुलाम त्या सुळक्याच्या कपारींत लपून राहत होते, २००८ साली त्याला जागतिक वारसा म्हटलं ते त्या माणसांसाठी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तिथली लोककथा अशी, की गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई वर आले, तेव्हा ते धरायला आले असं समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. हे ज्याला कळलं, तो वाळूच्या धबधब्याकडे दहा मिनिटांच्या वर बघू शकेल का?

मराठी सहल असून एकाही मराठी वस्तीत बस वळली नाही. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' होऊन टिकून आहे. घरात क्रेओल बोलणारी मुलं शाळेत मराठी शिकतात. त्यांच्याबरोबर एक तास बसलो असतो तर मराठी भाषेबद्दल आपण इकडे जी भाषणं ऐकतो, त्यांतली निम्मी ऐकवली नसती.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते टूरवाल्यानेही दिलं. "गुरुजी, लोक मजा कराले येतात. वर्षभर राबलेल्या माणसाले सुट्टीत गुलामगिरी कायले दाखवता?" युक्तिवाद दयाळू वाटतो, म्हणून जास्त धोक्याचा आहे. सुट्टीत हसूच नये असं मी म्हणत नाही. इल ओ सेर्फच्या पाण्यात मीही डुंबलो. पण 'लोकांना नको असतं' हे ठरवलं कोणी? त्या बसमधला सगळ्यात कमी शिकलेला, सगळ्यात जास्त राबलेला माणूसच तर विचारत होता. त्याला मजा त्या प्रश्नातच येत होती. सबंध सहलीत त्यांचा चेहरा दोनदाच उजळलेला मी पाहिला, शामारेलच्या मातीजवळ आणि त्या गोट्यांच्या ढिगाजवळ. 'साध्या माणसाला एवढं कळत नाही' हा तिरस्कार आहे, आणि तो ग्राहकसेवेच्या नावाखाली चालतो.

दुसरं उत्तर स्वदेशीवाल्यांचं: परदेशात कशाला जाता, आपलं मेळघाट काय कमी आहे? कमी काहीच नाही. पण तुम्ही मेळघाटही त्याच यादीने बघता. १९७४पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली. वाघ जगला पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण जिप्सीतून वाघ शोधणाऱ्याला इथे कोण राहत होतं हे विचारावंसंही वाटत नाही, ही तक्रार आहे. एकाच वर्तमानपत्रात एका पानावर 'चिखलदऱ्यात पर्यटकांची गर्दी' आणि दुसऱ्या पानावर मेळघाटातलं कुपोषण असतं, आणि वाचणाऱ्याला ती दोन वेगळी ठिकाणं वाटतात.

आता आमच्या पेढी नदीच्या पुलाचं सांगतो. २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना इथेच, वलगावजवळ, गाडीत त्यांचा प्राण गेला. स्मारक आहे. चिखलदऱ्याच्या गाड्यांपैकी क्वचित एखादी थांबते. मला याचा राग गावाभिमानातून येत नाही. गाडगेबाबा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा प्रवासी होता. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, माणसं जिथे 'बघायला' जात तिथे तोही जायचा. पण हातात खराटा घेऊन. लोक देवळात, आणि हा माणूस त्यांनी केलेली घाण उचलतोय. रात्री कीर्तनात त्याच लोकांना सोलून काढतोय. गरिबाला पाठ टेकायला जागा नाही हे त्याने तीर्थात पाहिलं आणि तिथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. इतरांच्या डोळ्यांसमोरही तेच होतं, त्यांना दिसलं नाही.

ब्लू बेच्या त्या होडीवरून काचेखालचे प्रवाळ बघताना मला हे आठवलं, कारण त्या किनाऱ्याच्या अगदी शेजारी जुलै २०२०मध्ये 'वाकाशिओ' हे जहाज खडकावर चढलं होतं. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात आलं. सरकारची वाट न बघता माएबूर आणि आसपासच्या लोकांनी उसाचा वाळलेला पाला गोण्यांत भरला, त्या एकमेकींना शिवल्या आणि तेल अडवायला पाण्यावर लांबच लांब बांध तरंगवले. त्याच शेतांतला पाला. होडीवाल्याला मी विचारलं तेव्हा त्याने मान डोलावली, आपले दोन्ही हात कोपरापर्यंत दाखवले आणि काळ्या रंगाची खूण केली. आमच्यातल्या बहुतेकांचं लक्ष माशांकडे होतं.

यंदा त्याच टूरवाल्याची बालीची जाहिरात आली आहे. पुन्हा ज्वालामुखी: किंतामणीहून बातूर पर्वताचं दर्शन. मग भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर झोका, 'सेल्फी पॉइंट'सह. ती शेतं सुबक नावाच्या व्यवस्थेवर चालतात, शेतकऱ्यांनी देवळांच्या आधाराने शेकडो वर्षं सांभाळलेली पाणीवाटप. २०१२ साली तिलाही जागतिक वारसा म्हटलं गेलं. जाहिरातीत तिच्याबद्दल शब्द नाही. आबाजींना मी हे सांगितलं, तर त्यांनी नाव नोंदवायच्या आधी मला टूरवाल्याला फोन लावायला सांगितलं. स्पीकरवर टाकायला लावला.

"झोक्याचं राहू दे. वरच्या बांदीतलं पानी खालच्याले कोन सोडते, अन् त्यानं नाही सोडलं त भांडन कोनापाशी न्यायचं, हे सांगनारा मानूस तिथं भेटते का, ते पयले पुसून घे."

टूरवाला म्हणाला, विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.